एक तरी कॉन्कॉर्ड उडतं ठेवता आलं नसतं का?

गगनविहारी
२००३ साली ३१ मे ला एअर फ्रान्सने आणि २४ ऑक्टोबरला ब्रिटिश एअरवेजने कॉन्कॉर्ड या स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) विमानाची प्रवासी सेवा थांबवली. २६ नोव्हेंबरला जी-बीओएएफ हे विमान हीथ्रोहून निघून ब्रिस्टलजवळच्या फिल्टनला, म्हणजे जिथे त्याची जुळणी झाली तिथेच, उतरलं. त्यानंतर एकही कॉन्कॉर्ड हवेत गेलेलं नाही.

एकूण २० बांधली. प्रवासी सेवेत १४, दोन्ही कंपन्यांकडे सात-सात. एक २००० साली पॅरिसजवळच्या गोनेसच्या अपघातात गेलं, एक १९९४ साली सुटे भाग काढून मोडीत काढलं. उरलेली १८ आजही उभी आहेत. दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर आजही हवाई प्रदर्शनांत उडतात. मग १८ पैकी एखादं, प्रवासी न घेता, वर्षातून चार-सहा वेळा उडवण्याइतपत जपणं खरंच अशक्य होतं का? की कोणाची इच्छाच नव्हती? जाणकारांनी तांत्रिक बाजू सविस्तर लिहावी.

टर्बोतात्या
थोडक्यात: २००३ मध्ये शक्य होतं, पण फार महाग. आज शक्य नाही.

विमान उडवायला त्याचं टाइप सर्टिफिकेट (आराखडा उडण्यास सुरक्षित असल्याचं अधिकृत प्रमाणपत्र) जिवंत लागतं आणि ते जिवंत ठेवायला आराखड्याची जबाबदारी घेणारी कंपनी लागते. कॉन्कॉर्ड बांधणाऱ्या दोन्ही कंपन्यांचा वारसा एअरबसकडे आला होता. २००३ मध्ये एअरबसने पाठबळ काढून घ्यायचं ठरवलं आणि १० एप्रिलला दोन्ही विमान कंपन्यांनी निवृत्ती जाहीर केली. भेग सापडली, एखादा भाग बदलायचा आहे, तर "हा बदल चालेल" अशी सही करणारा कोणी उरला नाही. व्हर्जिनच्या ब्रॅन्सन यांनी विमानं विकत मागितली होती, ब्रिटिश एअरवेजने दिली नाहीत. दिली असती तरी हा प्रश्न सुटला नसताच.

चौकसबुद्धी
तात्या, मग व्हल्कनचं काय? एक्सएच५५८ हे बॉम्बर २००७ ते २०१५ लोकवर्गणीवर उडत होतं. त्यालाही ऑलिम्पस इंजिनच होतं. कॉन्कॉर्डचं ऑलिम्पस ५९३ त्याच घराण्यातलं.

टर्बोतात्या
व्हल्कन २०१५ मध्ये कशामुळे थांबलं ते पाहा. तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पाठबळ थांबवलं म्हणून. विमान तेव्हाही उडण्याच्या स्थितीत होतं. आणि व्हल्कन ध्वनीपेक्षा कमी वेगाचं, खूपच साधं विमान. त्याला हलता इनटेक (इंजिनात हवा घेणारं तोंड) नव्हता. इनटेकवर नटबोल्ट लिहितीलच, त्यांचा विषय आहे.

नटबोल्ट
लिहितो. कॉन्कॉर्डमधलं सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर काम तिथेच आहे. लोक नाकाकडे बघतात; पंखाखालच्या त्या चौकोनी तोंडांकडे बघायला हवं.

माख २ ला इनटेकच्या तोंडाशी हवा ध्वनीच्या दुप्पट वेगाने येते. ती तशीच कॉम्प्रेसरवर आदळली तर इंजिन चालणार नाही. त्याला माख ०.५ च्या आसपासची हवा लागते. काही मीटरच्या अंतरात हवेला एवढं मंद करायचं, तेही दाब वाया न घालवता. त्यासाठी इनटेकच्या छताला बिजागऱ्यांवर हलणारे दोन रॅम्प (उतरत्या पाट्या), एक पुढे आणि एक मागे, मध्ये फट. साधारण माख १.३ पर्यंत ते पूर्ण वर असतात. त्यापुढे वेग वाढेल तसे हायड्रॉलिक जॅकने खाली येतात. रॅम्पच्या कोनामुळे तिरके शॉक (हवेतल्या धक्कालहरी) तयार होतात, हवा प्रत्येक शॉकमधून जाताना थोडी मंदावते आणि दाबली जाते. शेवटी एक आडवा शॉक, त्यानंतर प्रवाह ध्वनीपेक्षा कमी वेगाचा. मधल्या फटीतून पृष्ठभागालगतची मंद हवा बाजूला काढली जाते, ती इंजिनाभोवतून फिरून मागे थंडावा देते. तळाशी एक दार: टेकऑफला त्यातली झडप आत उघडते आणि जास्तीची हवा घेते, माख २ ला इंजिन बंद पडलं तर तेच दार बाहेर उघडून नको असलेली हवा खाली सोडून देतं.

शॉक जागेवरून हलला की सर्ज, म्हणजे इंजिनातला हवेचा प्रवाह एकदम बिघडणं. तोफा उडाल्यासारखे आवाज, विमान हादरतं, आणि जोडीला बसवलेल्या शेजारच्या इंजिनाचाही इनटेक बिघडू शकतो. जानेवारी १९७१ मध्ये ००१ या नमुना विमानात माख २ ला रिहीट (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून रेटा वाढवणं) बंद करताना सर्ज झाला आणि चौथ्या इंजिनाचा रॅम्प तुटून *पुढच्या बाजूने* बाहेर फेकला गेला, त्याचे काही तुकडे इंजिनाने गिळले. विमान सुखरूप उतरलं. त्यानंतर रॅम्प आणि त्यांची नियंत्रणं दोन्ही सुधारली. नमुन्यांतलं अ‍ॅनालॉग नियंत्रण पुरेसं अचूक नव्हतं, म्हणून उत्पादनातल्या विमानांना डिजिटल संगणक दिले. प्रत्येक इंजिनाला दोन, एकूण आठ. सत्तरच्या दशकात प्रवासी विमानात डिजिटल नियंत्रण, हे आज सहज वाचून पुढे जाऊ नका.

एक आकडा देतो: माख २ ला एकूण रेट्यापैकी सुमारे ६३ टक्के इनटेकचा, २९ टक्के नॉझलचा (मागच्या झोतनळीचा) आणि ८ टक्के इंजिनाचा.

रानमेवा
८ टक्के? मग इंजिन हवंच कशाला? :)

नटबोल्ट
हा आकडा "दाब कुठल्या पृष्ठभागावर पडतो" याचा आहे. इनटेकच्या आतल्या भिंतींवर वाढलेला दाब पुढे ढकलतो, म्हणून हिशेबात रेटा तिथे दिसतो. इंजिनाने ती हवा ओढून, जाळून मागे टाकली नाही तर इनटेकमध्ये तो दाब टिकणारच नाही. हृदय इंजिनच. पण इनटेकशिवाय ते या वेगाला एक मिनिटही चालणार नाही, इतकं खरं.

आकाशगंगा
याच इनटेकमुळे शास्त्रज्ञांना मिळालेली एक अपूर्व संधी: ३० जून १९७३ चं सूर्यग्रहण. ००१ ने लास पाल्मासहून उड्डाण करून आफ्रिकेवर चंद्राच्या सावलीचा पाठलाग केला आणि ७४ मिनिटं खग्रास स्थितीत राहिलं. जमिनीवरून जास्तीत जास्त साडेसात मिनिटांच्या आसपासच खग्रास दिसू शकतं. छताला खास खिडक्या बसवल्या होत्या. ते विमान आज पॅरिसजवळ ल बुर्जेच्या संग्रहालयात आहे.

कोकणकडा
तांत्रिक चर्चेत एक शंका. इंधन पुढे-मागे हलवायचे म्हणतात ते नेमकं का? शेपटीला ट्रिम देऊन भागलं नसतं का?

गोदाकाठ
शेपटीला आडवा पंखच नाही, तिथूनच सुरुवात. पंखाच्या मागच्या कडेला सहा एलेव्हॉन, तेच चढ-उतार आणि तेच कलणं सांभाळतात. फ्लॅपही नाहीत.

ध्वनीचा वेग ओलांडताना उचल जिथे एकवटते तो बिंदू साधारण दोन मीटर मागे सरकतो, आणि नाक खाली जायला लागतं. एलेव्हॉन वर करून नाक धरून ठेवता येईल, पण मग तीन तास तो अडथळा ओढत न्यायचा. इंधन पुरणार नाही. म्हणून गुरुत्वमध्यच मागे न्यायचा. एकूण १३ टाक्या. पुढच्या ९ आणि १० क्रमांकाच्या ट्रिम टाक्यांतून शेपटीतल्या ११ क्रमांकाच्या टाकीत आणि काही मुख्य टाक्यांत मिळून २० टन इंधन पंपाने जातं. गुरुत्वमध्य (पंखाच्या पुढून-मागे मापाच्या टक्क्यांत) टेकऑफच्या ५३.५ टक्क्यांच्या आसपासून माख २ ला ५९ टक्क्यांवर. वेग कमी करताना उलटा प्रवास.

हे काम फ्लाइट इंजिनियरचं, आणि चुकवून चालत नाही. प्रत्येक वेगाला गुरुत्वमध्याची पुढची आणि मागची मर्यादा ठरलेली, आणि प्रत्येक गुरुत्वमध्याला वेगाची. दोन्ही मर्यादा वैमानिकांसमोरच्या डायलवर सरकत्या खुणांनी दिसायच्या. इंधन मागे अडकलं आणि वेग उतरला तर विमान अस्थिर. म्हणून पंप, झडपा, वीजपुरवठा सगळं दुहेरी.

तेच इंधन वातानुकूलनाची आणि हायड्रॉलिक तेलाची उष्णताही शोषून घ्यायचं. एक पदार्थ, तीन कामं.

सोलापुरी_चादर
उष्णतेचा विषय निघालाच आहे तर. बाहेर उणे ५० च्या खाली तापमान, आणि नाकाचं टोक १२७ अंशांपर्यंत. वेगाची खरी मर्यादा ही १२७ अंशांचीच होती. त्या दिवशी वरची हवा नेहमीपेक्षा गरम असेल तर माख २ च्या थोडं खालीच राहावं लागायचं. सांगाडा तांबं-मॅग्नेशियम मिसळलेल्या खास अ‍ॅल्युमिनियमचा, आरआर५८. त्याहून वेगात जायचं तर टायटॅनियम किंवा पोलाद लागलं असतं आणि खर्चाचं गणितच बदललं असतं.

तापून विमान १५ ते २५ सेंटिमीटर लांबायचं. फ्लाइट इंजिनियरच्या पॅनलशेजारी त्यामुळे हात जाईल एवढी फट पडायची, उतरल्यावर ती बंद. शेवटच्या स्वनातीत उड्डाणांत इंजिनियरांनी आपली टोपी त्या फटीत ठेवली. विमान थंड झालं आणि टोप्या तिथेच पक्क्या बसल्या.

पांढरा रंगही त्यासाठीच. १९९६ मध्ये जाहिरातीसाठी एफ-बीटीएसडी पेप्सीच्या निळ्या रंगात रंगवलं तेव्हा पंख पांढरेच ठेवले, तरी माख २ ला २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ राहू नका असा सल्ला होता.

मावळतीचे_ऊन
सगळं मान्य, कौतुक मलाही आहे. पण धाग्यात एकच बाजू येतेय. १०० प्रवाशांसाठी टाक्यांत ९५ टन इंधन, आणि त्यात जेमतेम अटलांटिक पार. पॅसिफिक एका दमात नाही. त्याच काळातलं जंबो चारशेच्या आसपास माणसं नेत होतं. १६ कंपन्यांनी ७४ विमानांसाठी हक्क राखले होते. जानेवारी १९७३ च्या अखेरीस पॅनअ‍ॅम आणि टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपन्यांनी माघार घेतली, मग बाकीचे गळाले. त्यातच तेलाचे भाव भडकले. विमानतळांभोवती राहणाऱ्यांनी टेकऑफचा आवाज सोसला तो वेगळाच. हे विमान दोन सरकारांच्या तिजोरीवर जन्मलं, हे विसरून हळहळ नको.

टर्बोतात्या
@मावळतीचे_ऊन, उत्पादन म्हणून तोट्यात गेलं हे बरोबर. पण ब्रिटिश एअरवेजने ऐंशीच्या दशकात भाडी वाढवल्यावर चालवण्याचा खर्च भागून नफा होत होता. लंडनहून सकाळी साडेदहाला निघून न्यूयॉर्कला तिथल्या वेळेने साडेनऊच्या आत पोचायचं, यासाठी पैसे मोजणारे लोक होते. ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. मागून जोराचा वारा होता, तरी हा विक्रम अजून कुठल्या प्रवासी विमानाने मोडलेला नाही.

इंधनाचंही एक सांगायला हवं. रिहीट फक्त टेकऑफला आणि मग माख ०.९५ ते १.७ दरम्यान. त्यापुढे रिहीट बंद, आणि माख २ ला ते दोन तासांवर कोरड्या रेट्यावर चालायचं. आणि ठरावीक उंची धरायची नाही: इंधन जळून हलकं होईल तसं ५०,००० फुटांवरून हळूहळू ६०,००० कडे चढत राहायचं. तिथे दुसरी रहदारीच नसल्याने परवानगी मिळायची. लढाऊ विमानं या वेगाला काही मिनिटं टिकायची. इथे शंभर माणसं जेवत होती.

डोंबिवलीकर
आपल्याकडचा संबंध कोणी लिहिला नाही म्हणून: ते हक्क राखणाऱ्यांत एअर इंडियाही होती, दोन विमानांसाठी. १९७२ च्या पूर्वेकडच्या प्रात्यक्षिक दौऱ्यात ००२ हे दुसरं नमुना विमान मुंबईलाही उतरलं होतं. पुढे ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी मिळून लंडन-बहारीन-सिंगापूर सेवा काढली. जी-बीओएडी च्या डाव्या बाजूला सिंगापूरचे रंग, उजव्या बाजूला ब्रिटिश एअरवेजचे. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू, आणि मलेशियाच्या हरकतीमुळे तीन फेऱ्यांत बंद. जानेवारी १९७९ ला वेगळ्या मार्गाने पुन्हा सुरू. भारतीय हद्दीत ध्वनीपेक्षा जास्त वेगाला परवानगी नव्हती, त्यामुळे वेळही वाचेना आणि पैसेही. १९८० मध्ये सेवा गुंडाळली.

भारताने नाही म्हटलं ते योग्यच होतं असं माझं मत. एवढ्या वस्तीवरून रोज स्वनातीत उड्डाणाचा धमाका नेणं कसं परवडलं असतं? अमेरिकेनेही १९७३ मध्ये जमिनीवरून नागरी स्वनातीत उड्डाणाला बंदी घातली होती.

रानमेवा
रशियाच्या टीयू-१४४ या स्वनातीत विमानाबद्दलही लिहा ना कोणीतरी.

गोदाकाठ
पहिलं उड्डाण ३१ डिसेंबर १९६८, कॉन्कॉर्डच्या (२ मार्च १९६९, तुलूझ) दोन महिने आधी. पण प्रवासी उड्डाणं फक्त ५५, मॉस्को ते अल्मा-आता. सेवेतल्या विमानांना माख २ टिकवायला रिहीट सतत लागायचं, त्यामुळे पल्ला तोकडा आणि आतला आवाज प्रचंड. एक गोष्ट मात्र तिथे सरस: कॉकपिटमागच्या मिटणाऱ्या छोट्या पंखांमुळे ते कॉन्कॉर्डपेक्षा हळू उतरू शकायचं. कॉन्कॉर्ड धावपट्टीला शिवताना ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असायचं, नाक इतकं वर की समोर दिसावं म्हणून कोन १२.५ अंश खाली पाडावा लागे. टेकऑफला ५ अंश.

शीळ
नाक आणि इनटेकच्या गडबडीत टायर राहिले, आणि शेवट तिथूनच झाला.

त्रिकोणी पंखाला हळू वेगात उचल मिळत नाही, म्हणून टेकऑफचा वेग जास्त: नाक उचलायचं ते ताशी ३६०-३७० किलोमीटरला. तोवर सगळं वजन चाकांवरच. टायरमध्ये २३० पीएसआयच्या वर दाब. असा टायर फुटला की तुकडे गोळीसारखे सुटतात आणि वर लगेच पंख, म्हणजे इंधनाची टाकी. १४ जून १९७९ ला वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर एअर फ्रान्सच्या विमानाचे टायर फुटून टाक्यांना भोकं पडली होती. धोका २१ वर्षं आधी दिसला होता.

गोनेसच्या अपघातात, २५ जुलै २००० ला, धावपट्टीवर पडलेली सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीची टायटॅनियमची पट्टी डाव्या चाकाखाली आली. टायरचा साडेचार किलोचा तुकडा पंखाच्या तळावर आदळला. टाकीला सरळ भोक पडलं नाही. काठोकाठ भरलेल्या इंधनात दाबाची लाट उठली आणि तिने टाकीचा पत्रा *आतून बाहेर* फाडला. गळणाऱ्या इंधनाने पेट घेतला. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले.

नंतर टाक्यांच्या आत केवलारचं (मजबूत कृत्रिम धाग्याचं) अस्तर, चाकांच्या खोबणीतल्या तारांना चिलखत, आणि मिशलँने नवे टायर बनवले जे फुटले तरी मोठे तुकडे सोडत नाहीत. ७ नोव्हेंबर २००१ ला सेवा परत सुरू झाली. ११ सप्टेंबरनंतर दोन महिन्यांनी. त्याहून वाईट मुहूर्त मिळाला नसता.

चौकसबुद्धी
त्या विमानाच्या चाकांच्या जोडणीत एक स्पेसर (भागांमधलं अंतर राखणारी कडी) बसवायचा राहिला होता आणि वजनही जास्त होतं, याबद्दल अहवालावर टीका आहे ना?

शीळ
आहे. स्पेसर खरोखर राहिला होता आणि वजन मर्यादेच्या थोडं वर होतं, हे फ्रेंच तपासातही नोंदलेलं आहे. पण यामुळे अपघात झाला असं तपास म्हणत नाही, आणि मलाही ते पटतं. पट्टी, टायर, टाकी, आग ही साखळी त्याशिवाय पूर्ण होते.

नटबोल्ट
टेकऑफवरून एक बारकावा, क्वचित लिहिला जातो. ब्रेक सोडल्यावर चौथ्या इंजिनाचे फेरे ६० नॉटपर्यंत ८८ टक्क्यांवर रोखलेले असायचे. चारही इंजिनं एकाच दिशेने फिरतात, पण इनटेकच्या तोंडाशी बनणारा भोवरा डाव्या-उजव्या टोकांना उलटसुलट. चौथ्याचा भोवरा पात्यांच्या विरुद्ध फिरायचा आणि पाती थरथरायची. वेग वाढला की भोवरा विरतो आणि मर्यादा आपोआप सुटते. किती खोलात जाऊन काम केलंय बघा या लोकांनी.

गगनविहारी
सर्वांचे आभार, अप्रतिम प्रतिसाद. आता मूळ प्रश्नाकडे. समजा पैसा आहे आणि सर्टिफिकेटचा अडसरही नाही. आज एखादं उडवायला नेमकं काय काय लागेल?

टर्बोतात्या
मोठ्या गोष्टीच सांगतो.

आधी विमान निवडा. जी-बीओएए चे पंख स्कॉटलंडला नेताना कापलेले. त्यात आणि जी-बीओएबी मध्ये केवलार अस्तर कधी बसलंच नाही. उघड्यावर वर्षानुवर्षं उभी राहिलेली बाद. एक गंमत: उडत असताना प्रत्येक फेरीत सांगाडा तापून आतली ओल वाळायची, म्हणून गंज कमी. उभं राहिलं की तो फायदा गेला.

मग टाक्या. पंखाचा पोकळ भागच टाकी, सांधे व्हायटनच्या रबरी लेपाने बंद केलेले. कोरड्या टाकीत लेप आक्रसतो. १३ टाक्यांत आत शिरून, खरवडून, पुन्हा लावायचा.

हायड्रॉलिकच्या तीन प्रणाली, ४,००० पीएसआयवर. उष्णतेमुळे तेलही खास, एम२व्ही, नेहमीच्या विमानांचं चालत नाही. निवृत्तीच्या वेळी तेल काढून घेतलेलं, म्हणजे झाडून सगळे सील बदला. इनटेकचे आठ संगणक सत्तरच्या दशकातल्या सुट्या भागांचे. ते दुरुस्त करणारी प्रयोगशाळा उरली नाही, नवे बनवायचे तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. इंजिनं उघडून तपासणं वेगळंच.

शेवटी माणसं. दोन वैमानिक आणि फ्लाइट इंजिनियर. तिघांचाही परवाना सिम्युलेटरवर ठरावीक काळाने तपासावा लागतो. फिल्टनचा सिम्युलेटर आता ब्रूकलँड्सला आहे, पण हालचालीशिवाय. तो प्रशिक्षणाच्या मान्यतेला पुरत नाही.

२००३ मध्ये यातलं सगळं तयार होतं: गरम इंजिनं, सुटे भाग, परवाने असलेली माणसं. सांगाड्याचं आयुष्यही ६,७०० संदर्भ-उड्डाणांवरून ८,५०० पर्यंत वाढवलेलं होतं. म्हणून हळहळ वाटते ती त्या सहा महिन्यांची.

मावळतीचे_ऊन
यावर पूर्ण सहमत. सेवा बंद करणं पटतं. पण एखाद्या विमानाची यंत्रणा जमिनीवर चालू ठेवायला तेवढा खर्च नव्हता; सगळीकडून तेल काढून वीज तोडायची घाई कशाला?

नटबोल्ट
तेवढं थोडं स्वयंसेवकांनी केलंय. ल बुर्जेच्या एफ-बीटीएसडी ला वीज आहे आणि नाक खाली-वर होतं.

कोकणकडा
युरोपात जाणाऱ्यांनी नेमकं कुठे बघावं? इनटेक जवळून दिसेल असं.

गोदाकाठ
जर्मनीत झिन्सहाइमला कॉन्कॉर्ड आणि टीयू-१४४ दोन्ही छतावर शेजारी, आतही जाता येतं. तोंडांची मांडणी खालून पाहून तुलना करा: कॉन्कॉर्डची जोड्यांनी दूर-दूर, टीयूची त्या मानाने मधल्या भागाच्या जवळ. इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्स, डक्सफर्ड, फिल्टन, मँचेस्टर. ल बुर्जेला ००१ आणि एफ-बीटीएसडी एकाच दालनात आहेत, तिथे दोन्हींचे व्हायझर (वैमानिकांच्या काचेपुढचं सरकतं आवरण) बघा. ००१ ला बंद धातूचं, छोट्या खिडक्यांचं; एफ-बीटीएसडी ला पूर्ण काचेचं. अमेरिकी अधिकाऱ्यांना पहिल्यातून पुरेसं दिसत नाही असं वाटलं, म्हणून उष्णता सोसणारी काच नव्याने तयार करावी लागली.